धोरण की प्रशासन: पदव्युत्तर प्रवेशाचे अकरा महिने

जुलै २०२४ मध्ये वहीत नऊ अभ्यासक्रमांची नावं लिहिली होती. नऊही नावांत ‘पब्लिक’ हा शब्द. पुढे कुठे पॉलिसी, कुठे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, कुठे गव्हर्नन्स. नुसत्या नावावरून निवडायचं म्हटलं तर त्यात आणि चिठ्ठ्या टाकण्यात काही फरक नव्हता. जून २०२५ मध्ये बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधल्या दोन वर्षांच्या सार्वजनिक धोरणाच्या पदवीला प्रवेश पक्का झाला. मधल्या अकरा महिन्यांत काय काय करावं लागलं, कुठे किती दिवस गेले, किती पैसे लागले, ते क्रमाने लिहिते आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत गल्लोगल्ली मार्गदर्शन मिळतं. या पदव्यांबद्दल मात्र विचारायला माणूस सापडत नाही.

जुलै-ऑगस्ट: दोन विषय वेगळे करणं

पहिले पाच-सहा आठवडे फक्त वाचनात गेले आणि ते गेले हे बरं झालं.

लोकप्रशासन हा जुना विषय. वुड्रो विल्सन यांच्या १८८७ च्या लेखापासून त्याची सुरुवात मानतात. सरकारी यंत्रणा चालते कशी, अधिकार कुणाकडून कुणाकडे जातात, माणसं आणि पैसा कसा हाताळतात, हा त्याचा गाभा. सार्वजनिक धोरण त्यामानाने नवं. हॅरल्ड लासवेल यांनी १९५१ मध्ये धोरणविज्ञानाची कल्पना मांडली, आणि पुढे हा विषय अर्थशास्त्र व संख्याशास्त्राच्या आधाराने वाढला. अमुक निर्णय घेतला तर काय होईल, घेतला होता तर काय झालं, पर्याय कोणते होते, हे तो विचारतो. परदेशात यांच्या पदव्यांना अनुक्रमे एमपीए (मास्टर ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) आणि एमपीपी (मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी) म्हणतात. प्रत्यक्षात सरमिसळ खूप असते, म्हणून पाटीवर विसंबू नये.

चाळणी म्हणून रोजच्या कामातलाच एक प्रश्न घेतला. पुणे महानगरपालिका मिळकतकरात सवलत देते: गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक गोष्ट असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात गांडूळखताचा विटांचा हौद असतो. चालू हौदावर वाळक्या पानांचा थर असतो, तो बाजूला केला की हाताला ओल लागते, गांडुळं दिसतात, वास ओल्या मातीचा येतो. बंद पडलेल्या हौदावर रिकाम्या कुंड्या आणि एखादी मोडकी खुर्ची ठेवलेली असते आणि खाली माती दगडासारखी घट्ट झालेली. कागदावर हे दोन्ही हौद सारखेच दिसतात.

यातून तीन प्रश्न निघतात. सवलतीमुळे हौद वाढले, की ज्या सोसायट्या एरवीही करणारच होत्या त्यांनीच सवलत घेतली? याला संख्याशास्त्र लागतं. हौद चालू आहे हे बघायला क्षेत्रीय कार्यालयातून कोण येतं, किती महिन्यांनी येतं, त्याच्याकडे आणखी किती कामं आहेत? हे लोकप्रशासन. आणि सवलत देण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार महापालिकेला मिळतो कुठून? हा कायदा, त्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ उघडावा लागतो. मग प्रत्येक अभ्यासक्रमाच्या सक्तीच्या पेपरांपुढे पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे टाकले. ज्याच्यापुढे एकही आकडा आला नाही तो बाद. नवांतले तीन इथेच गेले. तुमचा प्रश्न शाळांचा असेल, एसटीचा असेल, धरणाच्या पाण्याचा असेल. पण एक प्रश्न हातात घेतल्याशिवाय अभ्यासक्रमपत्रिका वाचायला बसू नका.

वाचायची ती पूर्ण अभ्यासक्रमपत्रिका. माहितीपुस्तिकेत बहुधा ऐच्छिक विषयांची लांब यादी असते, पण त्यातले प्रत्यक्षात चालतात थोडेच, कारण शिकवणारे उपलब्ध असावे लागतात. म्हणून शिकून गेलेल्यांना एकच गोष्ट विचारायची: ‘गेल्या दोन वर्षांत कोणते ऐच्छिक विषय खरोखर झाले?’ दुसरी बघायची गोष्ट म्हणजे संशोधनपद्धतीचा पेपर एक आहे की दोन. एकच असेल तर रिग्रेशनची (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीची) ओळख होते, हात बसत नाही. तिसरी, शेवटच्या सत्रात काय लिहून द्यायचं असतं: प्रबंध, की एखाद्या कार्यालयासाठी केलेलं काम.

सप्टेंबर: पुण्यात काय आहे

पुण्यात धोरण म्हटलं की आधी आठवते १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले इन्स्टिट्यूट. ज्या गोखल्यांचं नाव तिला आहे, त्यांचं १९०२ चं केंद्रीय कायदेमंडळातलं अंदाजपत्रकावरचं भाषण आजही धोरण-विश्लेषणाचा धडा म्हणून वाचता येतं. पण तिथली पदव्युत्तर पदवी मुळात अर्थशास्त्राची आहे. गणित पक्कं असेल आणि पहिल्या प्रश्नातच जीव अडकला असेल तर ती उत्तम वाट. प्रशासन आणि कायदा मग स्वतः वाचावा लागतो. प्रवेश घ्यायचा नसला तरी तिथल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाची चौकशी जरूर करा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग आहे. ज्यांना अध्यापन करायचं आहे, नेट-सेट द्यायची आहे, त्यांनी तो आधी पाहावा; पुढच्या भरतीत पदवी ‘संबंधित विषयातली’ आहे का हे बघतात, आणि धोरणाच्या नव्या पदव्यांबाबत तिथे अडू शकतं. बाणेर रस्त्यावरच्या यशदाबद्दल खूप जण विचारतात. यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी तिथे शिकतात. पदवीसाठी ती नाही.

नोकरी सोडायची नसेल तर इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, लोकप्रशासनातली एमए हा खरा पर्याय आहे. प्रवेशपरीक्षा नाही, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, प्रवेश होतात. विकेंद्रीकरण व स्थानिक शासन, सार्वजनिक धोरण व विश्लेषण, ई-प्रशासन, आपत्ती व्यवस्थापन असे पेपर त्यात आहेत. वरच्या चाळणीत दुसरा आकडा तिथे ठळक आला, पहिला फिका. गुणांत स्वाध्यायांचा वाटा ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेचा ७० टक्के. माणसं अडकतात ती स्वाध्यायांत: ते मुदतीत गेले नाहीत तर पेपर चांगला जाऊनही निकाल अपूर्ण राहतो. स्वाध्याय दिल्याची पावती किंवा स्क्रीनशॉट पदवी हातात येईपर्यंत जपून ठेवा. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्या पत्राची प्रत जवळ असलेली बरी.

ज्यांचं वय २१ ते २६ आहे, पदवीला ६० टक्के आहेत आणि वर्षभराचा अनुभव आहे, त्यांनी पदवीच्या आधी मुख्यमंत्री फेलोशिप बघावी. २०१५ मध्ये ती सुरू झाली. वर्षभर सरकारी कार्यालयात बसल्यावर कोणती पदवी हवी ते आपसूक कळतं. माझं वय उलटून गेलं होतं. त्याऐवजी बंगळुरूच्या तक्षशिला संस्थेच्या बारा आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राचा विचार झाला. विषय आवडतो का हे पाहायला तो पुरेसा आहे. त्याला पदवी समजून मात्र चालू नये.

ऑक्टोबर: परदेशाचा हिशेब

हा महिना खर्चाची बेरीज करण्यात गेला. ब्रिटनमध्ये एका वर्षात पदवी होते, अमेरिकेत एमपीपीला बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. शिष्यवृत्तीशिवाय दोन्ही आवाक्याबाहेर होतं, आणि शिष्यवृत्त्यांच्या मुदती विद्यापीठांच्या आधी येतात हे कळायला उशीर झाला. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टमध्ये उघडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतात. २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि शिकून आल्यावर दोन वर्षं देशात राहावं लागतं. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीत लोकप्रशासन हा विषय बसतो, पण तीन वर्षांचा अनुभव हवा आणि पदवी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची हवी. आपल्याकडची तीन वर्षांची बीए किंवा बीएस्सी एकटी तिथे पुरत नाही. सोबत पदव्युत्तर पदवी किंवा पूर्ण पदविका लागते. हे आधी माहीत असतं तर दोन आठवडे वाचले असते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिचं काम पुण्यातच, चर्च रोडवरच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतं. तिच्यासाठी विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान आणि विनाअट प्रवेशपत्र महत्त्वाचं. म्हणजे विद्यापीठाचा अर्ज डिसेंबरातच जायला हवा.

परदेश सोडून दिलं ते केवळ पैशासाठी नाही. माझा तिसरा प्रश्न महाराष्ट्राच्या कायद्याचा होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कारभाराचे १८ विषय दिले, त्यातले पुणे महापालिकेच्या हातात खरंच किती आले, हे शिकायचं तर ते शिकवणारे इथेच आहेत.

नोव्हेंबर-डिसेंबर: कागद

सगळ्यात जास्त दमवलं ते या दोन महिन्यांनी.

महाराष्ट्रात गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव स्वतंत्र ओळीत. आधारवर क्रम उलटा. राष्ट्रीय परीक्षेचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायला सांगतात आणि ओळख पटवायला आधार मागतात. क्रमाने फारसं बिघडत नाही, स्पेलिंगने बिघडतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर नावात दोन ‘ई’ आणि आधारवर एक ‘आय’, एवढ्यावर अर्ज अडू शकतो. आधारची दुरुस्ती ५० रुपयांत झाली, ११ दिवस लागले. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईने चुकीचं बदलू नका. दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवूनच फॉर्म भरा. इग्नूसारख्या दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता एबीसी आयडी (श्रेयांकांच्या राष्ट्रीय खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या नोंदणीचा क्रमांक) लागतो, आणि तेही आधारच्या नावावर चालतं. म्हणजे हे काम सगळ्यात आधी उरकायचं.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत एकत्र उताऱ्यासाठी, अर्ज केला १२ नोव्हेंबरला, हातात आलं ८ डिसेंबरला. सव्वीस दिवस. मध्ये दोन वेळा ‘मॅडम रजेवर आहेत’ हे ऐकलं, आणि एका सत्राचे गुण चुकीचे छापून आल्यामुळे एकदा परत द्यावं लागलं. घेतल्या घेतल्या खिडकीपाशीच उभं राहून प्रत्येक सत्राचे गुण मूळ गुणपत्रकाशी ताडून पाहा. घरी जाऊन चूक दिसली तर नवा अर्ज, नवा आठवडा. पाकिटं सीलबंद लागतात का ते आधी विचारा आणि दोन प्रती जास्तीच्या काढा.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. केंद्रीय संस्थांना ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या महाविद्यालयात चाललेला दाखला तिथे चालत नाही. राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही बघावं लागतं. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘सेंट्रलचा’ असं स्पष्ट सांगायचं. एका सहकाऱ्याने ते सांगितलं नाही, दाखला राज्याच्या नमुन्यात आला, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तीन आठवडे गेले. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचा लागतो, मागच्या वर्षीचा चालत नाही.

शिफारसपत्रं खासगी विद्यापीठांना लागतात. एक शिक्षकांचं, एक कामाच्या ठिकाणचं. सरांना किंवा मॅडमना भेटायला जाताना एक पान लिहून न्यावं: कोणता अभ्यासक्रम, शेवटची तारीख, त्यांच्या वर्गात आपण कोणता प्रकल्प केला होता. ‘सर, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा’ म्हणून सोडून दिलं की पत्र गुळमुळीत येतं. पत्र महाविद्यालयाच्या ईमेलवरूनच जाऊ द्या, काही ठिकाणी खासगी पत्ता धरत नाहीत.

जानेवारी-फेब्रुवारी: अर्ज

सीयूईटी-पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या सामायिक राष्ट्रीय परीक्षेचे, अर्ज २ जानेवारी २०२५ ला उघडले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसह अनेक ठिकाणचा पहिला टप्पा याच परीक्षेतून जातो. खुल्या गटाला २०२५ मध्ये दोन पेपरांपर्यंत १,४०० रुपये होते. इथली नेहमीची चूक म्हणजे पेपर चुकीचा निवडणं. अभ्यासक्रमाच्या नावासारखा पेपर असेलच असं नाही. एका अभ्यासक्रमाला सामान्य क्षमतेचा पेपर चालतो, दुसऱ्याला राज्यशास्त्राचाच लागतो. आधी संस्थेच्या पानावर पेपरचा संकेतांक बघा, मग अर्ज उघडा. आणि परीक्षेचा अर्ज म्हणजे संस्थेचा अर्ज नव्हे, तो वेगळा भरावा लागतो. दरवर्षी चांगले गुण मिळवलेली मुलं इथे राहतात, त्याचं फार वाईट वाटतं.

हेतुनिवेदन म्हणजे एसओपी पाच वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ होतं, ते काढून टाकलं. शेवटच्या खर्ड्याची सुरुवात त्या बंद हौदापासून केली, तीन प्रश्न मांडले आणि कोणत्या पेपरातून कोणत्या प्रश्नाला हात घालता येईल ते लिहिलं. ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत आधी लिहा. मराठीत दोन पानं लिहून मग इंग्रजीत मांडल्यावर वाक्यं सरळ झाली.

मार्च-एप्रिल: परीक्षा

सीयूईटी-पीजी १३ मार्च ते १ एप्रिल या काळात झाली. ९० मिनिटं, ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. वेळेचा हिशेब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद. गणित सुटून बरीच वर्षं झाली असतील तर टक्केवारी, गुणोत्तर आणि तक्तेवाचन रोज अर्धा तास, दोन महिने करा; एवढ्याने फरक पडतो. परीक्षाकेंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला येऊ शकतं, म्हणून आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून यावा. माझं केंद्र वाघोलीच्या पुढे आलं होतं, आणि नगर रस्त्यावरच्या सकाळच्या गर्दीत पाऊण तास जास्तीचा धरला होता म्हणून वेळेत पोहोचले.

लॉ स्कूलची स्वतःची प्रवेशपरीक्षा, एनएलसॅट, एप्रिलच्या अखेरीस. तिचे दोन भाग: एक पर्यायी उत्तरांचा, दुसरा लेखी. लेखी भागासाठी वर्तमानपत्रातला एखादा सरकारी निर्णय घ्यायचा आणि अर्ध्या तासात हाताने दोन पानं लिहायची: कुणाला फायदा, कुणाला तोटा, अंमलबजावणी कोण करणार, काय बिघडू शकतं. असे चोवीस निर्णय लिहिले. टंकनाची सवय लागलेला हात दहा मिनिटांत भरून येतो, हे पहिल्याच दिवशी कळलं.

मे: निवड

सीयूईटीचा निकाल ६ मे ला लागला. महिनाअखेरीस एका जागी प्रवेश, एका जागी प्रतीक्षायादी आणि इग्नूचा पर्याय उघडा, अशी स्थिती होती. प्रतीक्षायादीतलं नाव वर सरकेल म्हणून वाट बघायची की मिळालेल्या जागेचे पैसे भरायचे, या विचारात आठ दिवस धड झोप लागली नाही. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: भरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, किती कापून परत मिळते? उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरचं धरू नका.

लॉ स्कूल निवडलं कारण तिथली ही पदवी कायद्याच्या विद्यापीठात आहे आणि माझ्या चाळणीत तिन्ही आकडे फक्त तिथे आले. ज्यांना दुसरा प्रश्नच महत्त्वाचा आहे आणि घर चालवायचं आहे त्यांनी इग्नू घेतली तर ती दुय्यम निवड अजिबात नाही.

कर्जासाठी बँकेत तीन फेऱ्या झाल्या. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत, सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या शैक्षणिक कर्जाच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आपली संस्था आहे का ते आधी बघा. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत मिळते. बँकेला संस्थेच्या लेटरहेडवरचं वर्षनिहाय शुल्कपत्रक लागतं, त्यात वसतिगृह आणि जेवण वेगळं दाखवलेलं असावं. आमच्या शाखेने वेबसाइटवरची प्रिंट नाकारली, त्यात सहा दिवस गेले. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तर शिकत असतानाच व्याज भरत राहावं.

जून: शेवटचे कागद

राज्याबाहेरच्या विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि ते मिळायला आधी महाविद्यालयाचा टीसी लागतो. चार-पाच वर्षांपूर्वी पदवी झालेली असेल तर टीसी कुठल्या फायलीत आहे ते शोधण्यापासून सुरुवात होते. मूळ मायग्रेशन जमा होतं, परत मिळत नाही; त्याआधी रंगीत स्कॅन आणि दोन सत्यप्रती काढून ठेवा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. नोकरीचं अनुभवपत्र त्यालाच जोडायचं.

शुल्क सोडून वर्षभराचा खर्च असा झाला: सीयूईटी १,४००, बाकी तीन अर्ज ६,५००, ट्रान्सक्रिप्ट, टीसी, मायग्रेशन मिळून २,९००, नोटरी, झेरॉक्स, कुरिअर १,१५०, परीक्षेचा प्रवास २,३५०. एकूण १४,३००. सगळ्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत. त्यातच मागे नऊ नावांची ती पेन्सिलीची पानंही ठेवली आहेत. क्षेत्रीय कार्यालयातल्या एका शिकाऊ मुलीने पुढच्या जानेवारीसाठी ती मागितली आहेत, तिला उद्या नेऊन द्यायची आहेत.